वाळू घाला, पण दमानं!

शनिवारी सकाळी इंटरकॉम वाजला. "साहेब, पार्सल आलंय तुमचं. लई जड आहे. सिमेंट मागवलंय का?" आमचे वॉचमनकाका. सिमेंट नव्हतं, वाळू होती. पाच-पाच किलोच्या तीन पिशव्या. दोन दिवस उशिरा आली, कारण आळंदी रोडवर माऊलींची पालखी होती आणि त्या दिवशी विश्रांतवाडीत कुरियरवाला काय, स्कूटीसुद्धा शिरू शकत नाही. आईनं दार उघडलं, पिशव्या बघितल्या आणि म्हणाली, "अरे, हॉलमध्ये बांधकाम काढतोयस की काय?"

या कॉलमचे नेहमीचे वाचक ओळखून आहेत, की आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी एक टँक आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाऱ्या पाण्याचा, म्हणजे रीफ टँक. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, वरून लोहगावची विमानं जातायत आणि खाली चार वर्षांपासून सुखानं चाललेला छोटासा समुद्र! नव्या वाचकांसाठी सांगतो, त्यात दगडी सांगाड्याचे प्रवाळ नाहीत. ते सगळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. माझ्याकडे मऊ मंडळी आहेत: मशरूम, लेदर आणि झोआंथिड. खडक सिरॅमिकचे. मासे पाच.

या पाचातल्या एकामुळे वाळूचं हे सगळं रामायण घडलं. यलो कोरिस रॅस. बोटाएवढा, लिंबासारखा पिवळाजर्द मासा. दिवसभर खडकातून किडे टिपत फिरतो आणि संध्याकाळी दिवे मंद झाले की डोकं खाली करून वाळूत शिरतो. पूर्णच्या पूर्ण! सकाळी दिवे लागल्यावर कुठून तरी बाहेर येतो. घाबरला तरी हेच. वाळू हीच त्याची गादी, पांघरूण आणि सेफ्टी लॉकर.

आता झालं काय, की चार वर्षं दर रविवारी पाणी बदलताना पाइपमधून थोडी थोडी वाळू ओढली जात होती. दोन इंचांचा थर कधी एका सेंटिमीटरवर आला, मला पत्ताच नाही. आपल्या पगाराचं होतं ना, तसंच. लक्षात आलं ते आईच्या. "तुझा पिवळा रोज तिन्हीसांजेला काचेवर डोकं आपटतोय बघ." मी बघितलं. खरंच, तो वाळूत सूर मारत होता आणि तळाच्या काचेवर आदळत होता. तोंडाजवळ सोललं होतं. माशाच्या अंगावरची अशी जखम चिघळायला वेळ लागत नाही.

म्हणजे वाळू घालायची होती आणि लवकर घालायची होती. पण चालू, जुन्या टँकमध्ये वाळू लवकर घालायची नसते. इथेच गोची आहे, आणि आजचा कॉलम तिच्यावरच.

धानोरीचा रविवार

माझा एक मित्र धानोरीत राहतो. हुशार माणूस, ऑफिसात लोकांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घेतो. त्याचा टँक माझ्यापेक्षा जुना, तळाला तीन इंच वाळू, वरून मळलेली. रविवारी सासरची मंडळी येणार म्हणून शनिवारी रात्री त्यानं दहा किलो नवी पांढरीशुभ्र वाळू एका बैठकीत ओतली. ओतली ते ओतली, वर हात घालून आतली जुनी वाळू खालीवर करून सगळं लेव्हल केलं. फोटो काढता येईना, कारण पाण्याचं ताक झालं होतं. म्हणाला, सकाळपर्यंत बसेल गाळ.

सकाळी गाळ बराचसा बसला होता. दोन क्लाउनफिश आणि एक कोळंबी गेली होती. मशरूम मिटून सुपारीएवढे झाले होते. आणि हॉलभर कुजक्या अंड्याचा वास. मला फोन आला तेव्हा त्यानं आवंढा गिळलेला ऐकू आला. सासरची मंडळी दुपारी बाहेर जेवायला गेली.

त्या वासातच सगळी कथा आहे. चालू टँकमधली वाळू म्हणजे फरशी नव्हे, ती वस्ती आहे. वरच्या थरात, जिथं ऑक्सिजन पोचतो तिथं, माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला बारीक किडे, गोगलगायी, डोळ्याला न दिसणारे कोपेपॉड. खोल गेलं की ऑक्सिजन संपतो आणि वेगळ्याच जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यातले काही नायट्रेट संपवतात, ते आपल्या फायद्याचं. त्याहून खाली, वर्षानुवर्षं घाण साठून काळ्या पडलेल्या भागात काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो जागच्या जागी असेपर्यंत कुणाला त्रास नाही. हात घालून ढवळला की विष थेट पाण्यात. वरून दहा किलोचं ब्लँकेट टाकलं तर मधल्या थरातली सगळी ऑक्सिजनवाली जनता गुदमरते, मरते आणि तिचाच पुन्हा अमोनिया होतो. मित्रानं एका रात्रीत दोन्ही केलं होतं.

म्हणून पहिला नियम: जुन्या वाळूला हात लावायचा नाही. उकरायची नाही, धुवायची नाही, 'एकदा साफ करून मग नवी घालू' तर अजिबात नाही. तळाला काळपट थर दिसत असेल आणि तो काढायचाच असेल तर ते वेगळं प्रकरण, तेही पाणी बदलताना दर आठवड्याला हातभर पट्टा सायफननं ओढत. नवी वाळू त्यानंतर.

कुठली वाळू?

इथं मला दर वेळी एकच प्रश्न येतो. "अलिबागला जातोय, आणू का पिशवीभर?" नको रे बाबा!

कारणं तीन. एक, कोकणच्या किनाऱ्याची वाळू आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची लेक आहे. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पण लोहयुक्त काळे कणही भरपूर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटचे साठेच आहेत. काच पुसायचं लोहचुंबक असतं ना आपल्याकडे? हे काळे कण त्याला चिकटतात आणि मग ते चुंबक काच पुसत नाही, काचेवर ओरखडे काढतं. दोन, किनाऱ्यावरच्या वाळूत तेल, सांडपाणी आणि काय काय मुरलंय ते टेस्ट किटमध्ये दिसत नाही. तीन, किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार किनाऱ्यावरून वाळू काढायला बंदी आहे आणि मालवणसारख्या ठिकाणी तर १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. पिशवीभरच तर, असं म्हणणारे पर्यटक मोजले तर ट्रक भरेल.

बांधकामाची वाळू, नदीची वाळू, दुकानात मिळणारी रंगीत खडी, सगळं बाद. लागते ती अॅरागोनाइटची वाळू. अॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपले आणि प्रवाळांचे सांगाडे ज्याचे बनतात तेच खनिज. पिशवीबंद मिळणाऱ्या वाळूतली बरीचशी बहामा बेटांकडची असते, तिथल्या उथळ समुद्रात तिचे गोल गोल दाणे आपोआप तयार होतात. घरी तपासायची असेल तर चिमूटभर घेऊन वर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट. (कोकणची वाळूही शिंपल्यांमुळे थोडी फसफसते, त्यामुळे एवढ्यावर भुलू नका, चुंबकही फिरवा.) आणि पिशवीत प्रवाळाच्या फांद्यांचे ओळखू येणारे तुकडे असतील तर दुकानदाराला परत करा. कायद्याला प्रवाळ जिवंत आहे की मेलेलं याच्याशी देणंघेणं नाही.

'ही वाळू पीएच सांभाळते' असं दुकानदार हमखास सांगतात. फारसं खरं नाही. रीफ टँकचा पीएच आठच्या वर असतो आणि त्या पाण्यात ही वाळू जवळजवळ विरघळतच नाही. मासा झोपावा आणि जिवाणूंना घर मिळावं, एवढ्यासाठीच ती घ्यायची.

दाणा किती मोठा? पिठीसाखरेसारखी बारीक वाळू फोटोत झकास दिसते, पण आत लाटा तयार करणारे वेव्हमेकर जोरात असतील तर ती उडून कोपऱ्यात ढीग होतो, मधे काच उघडी. फार जाड घेतली तर घाण आत अडकते आणि रॅसला शिरता येत नाही, अंग खरचटतं. एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रव्यासारखी, मला बरी वाटली.

हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले हवी ती जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार. आले लिटर. दीडनं गुणलं की अंदाजे किलो. माझा तळ ९० बाय ४५. उजव्या बाजूला दोन इंच हवी होती, डावीकडे एक इंच, आधीची एक सेंटिमीटर वजा, खडकांखालची जागा वजा. पंधरा किलो.

डबा

पण पंधरा किलो दमादमानं घालायची तर दीड महिना लागणार आणि पिवळा रोज डोकं आपटतोय. यावर रीफवाल्यांचा एक जुना जुगाड आहे: डबा! मासा वाळूत झोपतो, टँकमध्ये झोपत नाही. त्याला हवी तेवढी वाळू डब्यात भरून द्या की.

आईच्या कपाटातून एक प्लॅस्टिकचा चौकोनी डबा उचलला. खाण्याच्या वस्तूंसाठीचा, रंगीत नाही, साबणाचा स्पर्श नाही. (परवानगी नंतर घेतली.) वाळू बादलीत घेऊन तांदूळ धुतो तशी धुतली. पाणी दुधासारखं पांढरं येतं, हरकत नाही. सात-आठ वेळा, ते नितळ येईपर्यंत. शेवटचं पाणी आरओचं, कारण नळाच्या पाण्यात क्लोरिन. पिशवीवर 'लाइव्ह' लिहिलेली ओली वाळू असेल तर मात्र धुवायची नसते, धुतलीत तर ज्याचे पैसे दिले तेच वाहून जाणार.

डब्यात तीन इंच वाळू भरली, वर टँकचंच पाणी हळूच घालून आतली हवा जाऊ दिली आणि शेवटी टँकमधल्या जुन्या वाळूची एक वाटी वरून पसरली. हे विरजण! जुन्या वाळूतले जिवाणू आणि किडे नव्या वाळूत लवकर लागतात. झाकण लावून, पंप बंद करून डबा तळाशी उतरवला आणि पाण्याखाली गेल्यावर झाकण काढलं. टँकमध्ये कणभर धूर झाला नाही.

पहिल्या संध्याकाळी पिवळ्यानं डब्याकडे ढुंकून बघितलं नाही आणि पुन्हा काचेवर आपटला. मी आणि आई दोघंही जेवण सोडून टँकसमोर. दुसऱ्या संध्याकाळी डब्याभोवती तीन चकरा मारल्या, काठावर थांबला आणि एकदम गडप. आईनं टाळी वाजवली. मी तिला गप्प केलं, तो घाबरला असता. घाबरून गेला तरी वाळूतच गेला असता म्हणा.

मग उरलेली बारा किलो

पाच रविवार. दर वेळी साधारण अडीच किलो, अर्ध्या तळावर फक्त एक सेंटिमीटर. एवढ्या थरातून खालचे किडे, गोगलगायी आठवड्याभरात वर येतात आणि नव्या पातळीवर संसार थाटतात. एकाच जागी पुन्हा घालायची तर मधे आठवडा जाऊ द्यायचाच.

पद्धत सांगतो. पाणी बदलायच्या दिवशीच करायचं. आदल्या रात्री धुतलेली वाळू मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवायची, म्हणजे दाण्यांमधली हवा निघून जाते. कोरडी ओतलीत तर बुडबुड्यांबरोबर भुकटी वर येऊन सगळीकडे पसरते. तळावर ठेवलेले प्रवाळ उचलून खडकावर. मग सगळे पंप बंद. प्लंबरकडचा एक इंची पीव्हीसी पाइप, वर पाण्याची बाटली कापून केलेलं नरसाळं. पाइपचं खालचं टोक तळापासून इंचभर वर धरायचं आणि पेल्यानं थोडी थोडी वाळू सोडायची, पाइप हळूहळू सरकवत. रांगोळी काढल्यासारखं. हातानं पसरायचा मोह आवरायचा. उंचसखल राहिली तरी राहू दे, गोगलगायी आणि लाटा दोन दिवसांत सारखी करतात.

खडकांचा एक मुद्दा राहिलाच. ते तळाच्या काचेवर टेकलेले हवेत, वाळूवर नव्हे. खालून कुणी पोखरलं तर वाळूवरचा खडक कोसळतो, आणि कोसळला तर काच. तिसऱ्या मजल्यावर पावणेदोनशे लिटर पाणी. खालच्या काकांचं पीओपी परवाच झालंय.

पंप किती वेळ बंद? गाळ बसायला अर्धा तास पुरतो. तासाच्या वर नको, पाणी थांबलं की ऑक्सिजन कमी होत जातो. प्रवाळावर वाळू पडली असेल तर मेडिकलमधून आणलेल्या ५० मिलीच्या सिरिंजनं पाणी मारून उडवायची. थोडी धूळ ते स्वतःच बुळबुळीत स्राव सोडून झटकतात, पण झाकून राहिले तर खालचा भाग सडतो. (झोआंथिड हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, डोळ्यांना हात लावू नका. त्यांच्यातल्या काहींत जबरदस्त विष असतं, हे मी गमतीत सांगत नाही.) मग आधी खालच्या टाकीचा पंप सुरू, वाटेत फिल्टरचा पांढरा फ्लॉस, दुसऱ्या दिवशी तो काढून टाकायचा. वेव्हमेकर सुरुवातीला कमी वेगावर.

पाणी थोडं धुरकट राहिलं तर घाबरू नका, दिवसभरात, फार तर दोन दिवसांत नितळतं. माझ्याकडे पहिल्या रविवारी सोमवार दुपारपर्यंत राहिलं, नंतरच्या खेपांना संध्याकाळीच साफ. बघायचं ते अमोनियाकडे: चोवीस तासांनी एकदा, तीन दिवसांनी एकदा. शून्यच हवा. शून्य नसेल तर पुढचा रविवार रद्द आणि पाणी बदला. नव्या अॅरागोनाइटच्या पृष्ठभागावर पाण्यातलं थोडं कार्बोनेट बसतं, त्यामुळे केएच किंचित उतरू शकतो. माझा तिसऱ्या खेपेनंतर अर्ध्या अंकानं उतरला, पाणी बदलल्यावर जागेवर आला.

आणि हो, दोन-तीन आठवड्यांनी नव्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी पापुद्रा धरतो. डायटम. टँक बिघडला म्हणून लोक औषधं ओततात. काही करू नका, जातो आपोआप. बाकी तळ मालदीवच्या जाहिरातीसारखा पांढराफेक राहावा असा आग्रह असेल तर टँक ठेवू नका, पोस्टर लावा.

पाच रविवार मी कुठंही गेलो नाही. चौथ्या रविवारी ऑफिसच्या ग्रुपचा लोणावळा प्लॅन होता. म्हटलं, वाळू घालायची आहे. ग्रुपवर पुढचे दोन दिवस माझे जे विनोद झाले ते छापण्यासारखे नाहीत. धानोरीच्या मित्रानं मात्र आपला पाइप आणून माझ्याकडून तो कसा धरायचा ते शिकून घेतलं. त्याच्या टँकमध्ये आता दोन नवे क्लाउनफिश आहेत आणि वाळू जेवढी होती तेवढीच आहे.

सहाव्या रविवारी डबा काढायचा होता. त्याआधी आठवडाभर मी संध्याकाळी बघत होतो. पिवळा डब्यातच जायचा. शुक्रवारी पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यात, जिथं आता दोन इंच वाळू आहे तिथं, सूर मारला. शनिवारी पुन्हा तिथंच. तोंडाजवळची जखम भरलीय, तिथला रंग अजून जरा फिका आहे. रविवारी सकाळी तो बाहेर फिरत असताना डब्याला झाकण लावून डबा वर काढला आणि त्यातली वाळू पाइपनं डाव्या बाजूला पसरली.

डबा स्वच्छ धुऊन आईला परत द्यायला गेलो. तिनं तो दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. आणि मला नवा घेऊन ये, झाकण घट्ट बसणारा."